संगणकाचा ज्वर व पडद्याचे विकार

घरांतील एखादें माणूस तापानें फणफणलें असतां त्याची नाडीही न पाहतां शस्त्रक्रियेची तयारी करणाऱ्या वैद्यास आपण शहाणा म्हणणार नाहीं. ताप कोणत्या प्रहरीं चढतो, कशानें उतरतो, अंगावर पुरळ आहे कीं नाहीं, पथ्यांत कांहीं बदल झाला काय, हें सारें विचारून घ्यावें आणि मगच मात्रेला हात घालावा, हा आपल्याकडील जुना क्रम आहे. परंतु घरांतला संगणक तापून मध्येंच बंद पडूं लागला, किंवा त्याच्या पडद्यावर रंगीत रेघा व ठिपके उमटूं लागले, म्हणजे चांगल्या शिकल्यासवरलेल्या घरांतूनही हा क्रम सुटतो. कोणी म्हणतो व्हायरस शिरला, कोणी म्हणतो पडदा गेला, कोणी म्हणतो यंत्राचें वय झालें. आणि निदान होण्यापूर्वींच नव्या यंत्राची किंमत विचारण्यासाठीं घरांतला तरुण दुकानाची वाट धरतो.

आम्ही यंत्रविद्येचे पंडित नव्हों. आमची सारी हयात मुलांकडून शब्दरूपें घोकून घेण्यांत आणि व्याकरणाचे नियम समजावून देण्यांत गेली. तथापि सेवानिवृत्तीनंतर या यंत्राशीं जो सहवास घडला, त्यावरून आमची अशी खात्री झाली आहे कीं, त्याच्या दुखण्याचें निदान करण्यास पदवीपेक्षां शिस्तीची गरज अधिक आहे. आणि ती शिस्त आपल्या नैयायिकांनीं फार पूर्वीं घालून दिली आहे. जें असतां दोष दिसतो आणि जें काढून घेतलें असतां दोष नाहींसा होतो, त्यांत दोषाचें कारण शोधावें. यालाच अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची आणि काय घडलें तें पाहावयाचें, एवढाच त्याचा व्यवहारांतील अर्थ. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर यंत्र सुधारेलही. पण कशानें सुधारलें हें कळणार नाहीं, आणि पुढील खेपेस पुन्हां अंधारांतच चांचपडावें लागेल.

उष्णता येते कोठून व जाते कोठें

संगणक पाणी उपसत नाहीं कीं पीठ दळीत नाहीं. त्यामुळें तो जी वीज घेतो, ती जवळजवळ सर्वच्या सर्व अखेरीस उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. ही उष्णता एकूण पाहतां फार नसली, तरी ती ज्या जागेंतून निघते ती जागा अगदीं इवलीशी असते. घरांतील १,००० वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारें २०० चौरस सेंटिमीटर धरला, तर दर चौरस सेंटिमीटरास ५ वॅट येतात. प्रोसेसरमधील मुख्य चकती २ चौरस सेंटिमीटर धरली आणि तिच्यांतून ६५ वॅट निघाले, तर तेंच प्रमाण ३० वॅटांच्या वर जातें. म्हणजे आपण ज्याला निरुपद्रवी पेटी समजतों, तिच्या पोटांत इस्त्रीहून सहापट तीव्र अशी शेगडी पेटलेली असते.

ही अडचण आजची नव्हे. फिलाडेल्फिया येथें १९४६ सालीं लोकांपुढें आलेल्या एनिॲक या यंत्रांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तें सुमारें १५० किलोवॅट वीज खात असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं चालू झालेल्या टिफ्रॅक या यंत्रांतही अशा सुमारें २,७०० नळ्या होत्या. नळ्या गेल्या, चिपा आल्या, दिवाणखान्याएवढीं यंत्रें मेजाखालीं मावूं लागलीं. पण उष्णतेला वाट करून देण्याचें काम कांहीं सुटलें नाहीं.

ही वाट चार टप्प्यांची आहे. चिपेची उष्णता प्रथम एका पातळ लेपांतून धातूच्या ठोकळ्याकडे जाते. तेथून ती त्या ठोकळ्याच्या पातळ पाकळ्यांत पसरते. पंखा ती पाकळ्यांवरून उडवून पेटींतील हवेंत सोडतो. आणि पेटीचे पंखे ती गरम हवा खोलींत ढकलतात. या चार टप्प्यांपैकीं एक अडला, कीं ज्वर चढलाच. वरील लेप क्षुल्लक वाटतो, पण त्याचें काम मोठें आहे. दोन धातु कितीही घांसून गुळगुळीत केले, तरी त्यांच्यामध्यें सूक्ष्म फटी राहतात व त्यांत हवा कोंडते. तांबें हवेपेक्षां सुमारें १५,००० पट अधिक उष्णता वाहून नेतें, यावरून ती कोंडलेली हवा म्हणजे केवढा अडथळा, हें ध्यानांत येईल. लेप त्या फटी बुजवितो. कांहीं वर्षांनीं तो वाळून भेगाळला, म्हणजे बाहेरून यंत्र स्वच्छ दिसत असूनही आंतून होरपळत असतें.

सुदैवानें प्रोसेसर स्वतःचें तापमान स्वतः मोजतो. इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरांची वरची मर्यादा १०० अंश सेल्सियस, तर एएमडीच्या रायझेन ७००० या मालिकेंतील पुष्कळांची ९५ अंश आहे. त्या मर्यादेशीं आलें, कीं यंत्र आपला वेग आपणहून कमी करतें; तेवढ्यानें भागलें नाहीं तर झटकन बंद होतें. तेव्हां घरांतील मंडळी ज्याला यंत्राचा लहरीपणा म्हणतात, ती वस्तुतः त्याची आत्मरक्षा होय. स्वस्थ बसलेल्या यंत्राचें तापमान साधारणतः ३५ ते ५० अंश असावें. जड काम करतांना तें ७० ते ८५ अंशांपर्यंत गेलें, तरी घाबरण्याचें कारण नाहीं. खोलीच वैशाखांत ४० अंशांवर असेल, तर यंत्राचा आंकडाही त्या मानानें वर सरकणार, हें नागपूर-अकोल्याकडील वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें.

आधीं ऐवज, मग औषध

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांतील हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. त्या घरच्या आजोबांनीं वीस वर्षें खपून आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध केला होता. नऊ पिढ्यांचीं नांवें, सुनांचीं माहेरें, कोंकणांतील मूळ गांवच्या जमिनीचे कागद, गेलेल्या माणसांचीं छायाचित्रें, सारें त्या एकाच यंत्रांत. दुसरी प्रत कोठेंही नाहीं. अशांत यंत्र रोज दुपारीं बंद पडूं लागलें आणि पडद्यावर पांढरे ठिपके चमकूं लागले. एका दुकानांतील कारागिरानें दोन मिनिटें पाहून सांगितलें कीं, मदरबोर्ड जळत आला आहे. यंत्र टाकून नवें घ्या, आंतील ऐवजाची हमी आम्ही देत नाहीं. आजोबांनीं त्या दिवशीं अन्नास स्पर्श केला नाहीं.

म्हणून पहिला नियम हा कीं, दुखणें दिसतांच प्रथम ऐवज हलवावा. यंत्र सकाळच्या गारव्यांत, इतर सर्व कामें बंद ठेवून चालू करावें आणि महत्त्वाचे कागद व छायाचित्रें बाहेरील डिस्कवर उतरून घ्यावीं. त्या घरीं हें काम दोन सकाळींत झालें, आणि मगच घरांत मोकळेपणानें बोलणें सुरू झालें.

दुसरा नियम वहीचा. त्या घरच्या धाकट्या सूनबाईंनीं शंभर पानी वही घेऊन तींत चार रकाने आंखले: वेळ, प्रोसेसरचें तापमान, त्या वेळीं चालू असलेलें काम, आणि दिसलेलें लक्षण. तापमान दाखविणारे एचडब्ल्यूइन्फोसारखे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. तिसऱ्या दिवशीं वहीनें उत्तर दिलें. बंद पडणें नेहमीं दुपारींच होई व त्यापूर्वीं आंकडा ९८-९९ वर गेलेला असे. ठिपके मात्र सकाळीं सातला, आंकडा ४२ असतांनाही दिसत. आणि जेव्हां जेव्हां ते दिसत, तेव्हां तेव्हां कोणीतरी नुकताच मेजाचा खण ओढलेला असे.

दोन लक्षणें एकाच वेळीं दिसलीं म्हणजे त्यांचें कारण एकच असलें पाहिजे, असें नाहीं. येथें ज्वर निराळा होता आणि पडद्याचा विकार निराळा होता. यंत्र सागवानी कपाटांत बसविलेलें. धूळ बसूं नये म्हणून आजींनीं विणलेलें आच्छादन त्यावर मायेनें घातलेलें. आणि पाठीमागें पडद्याची केबल खण व भिंत यांच्यामध्यें चिरडलेली. आच्छादन निघालें, यंत्र कपाटांतून बाहेर आलें, आंतील धूळ झाडली गेली, तेव्हां दुपारचा आंकडा ७४ वर येऊन स्थिरावला. केबल बदलण्यास कांहीं शें रुपये लागले. मदरबोर्ड जळत आल्याचें चिन्ह कोठेंही नव्हतें. तें यंत्र आजही कामांत आहे.

ज्वराची परीक्षा

आतां सर्व घरांस उपयोगी पडेल असा क्रम सांगतों. प्रथम, आंकडा कसा चढतो तें पाहावें. जड काम सुरू करतांच कांहीं सेकंदांतच तो नव्वदीशीं भिडला, तर दोष चिपेजवळच, म्हणजे लेपांत, ठोकळ्याच्या बैठकींत किंवा त्यावरील पंख्यांत आहे असें समजावें. तो पंधरा-वीस मिनिटें घेऊन सावकाश चढत असेल, तर पेटींतील हवा कोंडते आहे. दुसरी परीक्षा व्यतिरेकाची. पेटीची बाजूची झडप काढावी, आंत हात न घालतां समोर मेजावरचा पंखा लावावा आणि तेंच काम पुन्हां करावें. आंकडा दहा-पंधरा अंशांनीं उतरला, तर हवेची वाट अडली होती हें सिद्ध झालें. मुळींच हलला नाहीं, तर पुन्हां लेपाकडे वळावें.

हवेची वाट बहुधा समोरून आंत व मागून बाहेर अशी असते. म्हणून यंत्राच्या पाठीमागें भिंतीपर्यंत निदान एक वीत जागा मोकळी असावी, समोरच्या जाळीवर पडदा वा पुस्तकें येऊं नयेत, आणि यंत्र जमिनीवर न ठेवतां पाटावर ठेवावें. केर काढतांना उडणारी धूळ जमिनीलगतच अधिक असते.

धूळ काढण्याचा विधि असा. यंत्र बंद करून तार भिंतींतून काढावी. चालू करण्याची कळ कांहीं सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊं द्यावी. आंतील भागास हात लावण्यापूर्वीं पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. हेंही एक प्रकारचें सोवळेंच, आणि त्यास कारण आहे. कोरड्या हवेंत गालिच्यावरून चालून आलेल्या हाताची एक न दिसणारी ठिणगीही चिपेस पुरते. नंतर गच्चींत वा अंगणांत नेऊन मऊ कुंचल्यानें आणि हवेच्या फुंकणीनें धूळ उडवावी. तोंडानें फुंकूं नये, थुंकीचे कण उडतात. ओलें फडकें लावूं नये. पंख्याचीं पातीं एका बोटानें धरून ठेवावीं. वाऱ्यानें तीं भलत्या वेगानें फिरलीं तर पंखा बिघडतो. वर्षांतून दोनदां, दिवाळीच्या साफसफाईंत व उन्हाळा लागण्यापूर्वीं, एवढें केलें तरी पुष्कळ दुखणीं जन्मासच येत नाहींत.

लेप बदलणें हें अधिक जोखमीचें काम आहे. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून मटाराच्या दाण्याएवढा नवा ठेवावा आणि ठोकळ्याचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीनें थोडे थोडे आंवळावे, एवढेंच तें आहे. परंतु ठोकळा उचलतांना जुन्या लेपास चिकटून प्रोसेसरही खोबणींतून उपटून येऊं शकतो. हात स्थिर नसेल त्यानें हें काम कारागिरास सांगावें. मात्र काय करावयाचें तें आपण सांगावें. ‘लेप बदला’ असें सांगणारा गिऱ्हाईक आणि ‘काय झालें पाहा’ असें सांगणारा गिऱ्हाईक, यांस दुकानांत निरनिराळी वागणूक मिळते.

पडद्याची परीक्षा

चित्र संगणकांत तयार होतें, केबलींतून प्रवास करतें आणि पडद्यावर उमटतें. विकार या तिहींपैकीं कोठें आहे, एवढाच प्रश्न. आणि तो पैसा खर्च न करतां सोडवितां येतो.

पडद्याच्या कडेस ज्या कळा असतात, त्या दाबल्या कीं उजेड व रंग कमीजास्त करण्याची एक लहान यादी उमटते. ही यादी संगणकाकडून येत नाहीं. पडदा ती स्वतः रेखाटतो. रेघा या यादीवरूनही जात असतील, तर विकार पडद्याचा. यादी निर्मळ आणि मागील चित्र तेवढें बिघडलेलें असेल, तर पडदा बहुधा निर्दोष.

दुसरी परीक्षा स्क्रीनशॉटची. विकार दिसत असतांनाच स्क्रीनशॉट घेऊन तो घरांतील एखाद्या मोबाइलवर पाहावा. तेथेंही रेघा दिसल्या, तर चित्र केबलींत शिरण्यापूर्वींच नासलें आहे. दोष ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा मेमरी यांकडे शोधावा. मोबाइलवर चित्र स्वच्छ दिसलें, तर दोष बहुधा पुढील प्रवासांत आहे. मग केबल दोन्ही टोकांस काढून घट्ट बसवावी, शेजारच्या खोलींतून दुसरी आणून लावावी, आणि शक्य तर घरच्या टीव्हीस जोडून पाहावें. जुन्या १५ खिळ्यांच्या व्हीजीए केबलींत तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांच्या तारा निरनिराळ्या असतात. त्यांतील निळी तुटली कीं सारें चित्र पिवळट होतें, हिरवी तुटली कीं जांभळट. एचडीएमआय केबल बिघडली, तर बहुधा ठिपके चमकतात किंवा क्षणभर पडदा काळा होतो. कोंकण-गोव्याकडील खाऱ्या दमट हवेंत या टोकांवर गंज चढतो, म्हणून तेथें ही परीक्षा सर्वांआधीं करावी.

तिसरी परीक्षा काळाची. यंत्र चालू करतांच, विंडोज सुरू होण्यापूर्वीं, जीं अक्षरें दिसतात त्यांतच विकार असेल, तर ड्रायव्हर निर्दोष. तो तेव्हां उठलेलाही नसतो. विकार विंडोज सुरू झाल्यावरच दिसत असेल व सेफ मोडमध्यें नाहींसा होत असेल, तर ड्रायव्हरवर संशय घ्यावा आणि तो काढून नवा घालावा. पडदा मध्येंच गोठला, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या चार कळा एकदम दाबाव्या. ड्रायव्हर नव्यानें सुरू होतो आणि लिहीत असलेला कागद पुष्कळदां वांचतो.

ज्या यंत्रांत स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसतें, त्यांत चित्रासाठीं मुख्य रॅममधूनच जागा उसनी घेतली जाते. म्हणून रॅमची पट्टी सदोष असली तरी पडदा विटतो. पट्ट्या दोन असतील तर आळीपाळीनें एकेक ठेवून पाहावें. मेमटेस्ट८६+ हा विनामूल्य कार्यक्रम रात्रभर चालवूनही परीक्षा होते.

आणि शेवटीं ज्वर व विकार यांचा खरोखरीचा संबंध. यंत्र गार असतां चित्र निर्मळ, खेळ वा चलच्चित्राचें जड काम सुरू होऊन ग्राफिक्स कार्ड तापलें कीं रंगीत चौकटी, आणि निवलें कीं पुन्हां निर्मळ, असें वहींत वारंवार दिसलें, तर ज्वर हेंच कारण. रोज तापून व निवून धातु फुगतो व आकसतो, आणि चिपेखालचे सूक्ष्म सांधे शिणून चिरतात. जुलै २००८ मध्यें एनव्हिडिया या कंपनीनें कांहीं चिपांच्या वेष्टनांतील सदोष द्रव्यामुळें दुरुस्तीच्या खर्चापोटीं १५ ते २० कोटी डॉलर बाजूस काढीत असल्याचें जाहीर केलें होतें; त्या चिपा लॅपटॉपमधील होत्या. सांधे एकदां चिरले, कीं धूळ झाडून ते जुळत नाहींत. कार्ड भट्टींत भाजून ‘जिवंत’ करण्याची जी युक्ति कांहीं लोक सांगतात, ती कांहीं आठवड्यांचीच करमणूक ठरते. शिवाय स्वयंपाकाच्या भट्टींत असले विषारी धूर कोंडणें कोणत्याही गृहिणीस रुचणार नाहीं.

हात कोठें आखडावा

वीज पुरविणारी पॉवर सप्लाय नांवाची जी बंद पेटी आंत असते, ती घरीं कधींही उघडूं नये. तार काढल्यावरही तिच्या पोटांत वीज सांठलेली राहते आणि ती जिवावर बेतूं शकते. जळका वास, ठिणगी, पेटीस हात लावतांच झिणझिण्या, किंवा मदरबोर्डवरील लहान नळकांड्यांचीं टोपणें फुगलेलीं दिसणें, यांपैकीं एकही लक्षण असेल, तर परीक्षा तेथेंच थांबवून जाणत्या कारागिरास बोलवावें. झिणझिण्या येत असतील, तर यंत्राआधीं भिंतींतील अर्थिंग तपासून घ्यावें.

कारागीर आला, म्हणजे वही त्याच्यापुढें ठेवावी. आम्हीं असें पाहिलें आहे कीं, प्रामाणिक कारागिरास अशी वही पाहून आनंद होतो व त्याचा अर्धा वेळ वांचतो. आणि ज्यास ती पाहून कंटाळा येतो, त्याच्या हातीं यंत्र न दिलेलें बरें. परीक्षा पुरी करूनही कार्ड वा बोर्ड गेल्याचें ठरलें, तर खर्च करावा. त्यांत संकोच नसावा. मात्र तो खर्च निदानानंतरचा असावा.

एक गोष्ट शेवटीं आग्रहानें सांगतों. यंत्र कितीही जपलें तरी तें नश्वर आहे, आणि त्यांतील कांहीं वस्तु बाजारांत पुन्हां विकत मिळत नाहींत. ज्या घरांत कुलवृत्तांत, आजीच्या हातच्या पदार्थांच्या टिपणांचीं छायाचित्रें किंवा मुलांच्या मुंजीचीं चलच्चित्रें एकाच यंत्रांत असतील, त्या घरानें येत्या रविवारीं त्यांच्या दोन प्रती कराव्या. एक आपल्या कपाटांत ठेवावी आणि दुसरी परगांवीं राहणाऱ्या भावाकडे वा लेकीकडे पाठवावी. तेवढें झालें, म्हणजे यंत्राच्या ज्वरानें घरांतील वडील माणसांच्या ताटावरचें अन्न सुटणार नाहीं.